आधी हिशेब, मग सही



जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५चं. ग्रहदशेची भीती घालून पुरोहित एका शेतकरी जोडप्याकडून पैसे उकळतो आणि शेवटी ते नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. फुले दांपत्याने पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तीही त्याच वर्षी. आपल्याकडच्या प्रौढशिक्षणाची सुरुवात ही अशी आहे. पुन्हा कुणी फसवू नये म्हणून माणसं शिकायला निघाली.

आपले आजचे साक्षरतेचे वर्ग या कसोटीला उतरतात का? बहुतेक वर्ग बाराखडीने सुरू होतात आणि सहीपाशी थांबतात. अंगठा गेला, सही आली, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. सही शिकलेल्या बाईचा आनंद खरा असतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण आकडा वाचता येत नसताना आलेली सही धोक्याची आहे. अंगठा घेणाऱ्याला निदान कागद वाचून दाखवावासा वाटतो. सही करणारीला मात्र सगळं समजलं असंच सारे धरून चालतात.

कर्जाचं उदाहरण घ्या. दहा हजार रुपये हातात, दर आठवड्याला २४० रुपयांचा हप्ता, असे ५० हप्ते. एकूण फेड १२ हजार. वरवर पाहता व्याज शेकडा वीस. पण मुद्दल दर आठवड्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर धरलेलं असतं, म्हणजे खरा दर जवळजवळ दुप्पट. बचत गटातल्या बाईला ‘शेकडा दोन’ म्हटलं की दहा हजारांवर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे, हे तोंडपाठ असतं. कागदावर ‘वार्षिक २४ टक्के’ लिहिलं की तीच बाई गप्प बसते. तिला व्याज शिकवायची गरज नाही. तिच्या तोंडचा हिशेब आणि कागदावरचा आकडा एकच आहे, हे तिला दिसलं पाहिजे.

आपल्याकडे येणारी माणसं कोरी पाटी नसतात. सत्तर म्हणायला ‘तीन विसा न दहा’ म्हणणाऱ्या आज्या आजही भेटतात. पायली, शेर, अदपावाची मापं त्यांच्या हाताला ठाऊक. अडीचकी-दिडकी शाळेत न म्हणताही बाजारात दीड किलोचे पैसे त्या आपल्याआधी सांगतात. अडतं ते लिहिताना. ‘बावन्न’ ऐकल्यावर कानावर दोन आधी पडतो, म्हणून हात २५ लिहितो. ‘बालभारती’ने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा केवढा वाद झाला! मुलांपुरता तो वाद चालू राहो. मोठ्यांच्या वर्गात पन्नासची नोट आधी ठेवावी, तिच्या उजवीकडे दोनचं नाणं, आणि मग आकडा लिहायला सांगावा. क्रम कसा लावायचा हे नोटच सांगते, नियम पाठ करावा लागत नाही. पैशांत या बायका सहसा चुकत नाहीत.

‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमाच्या १५० गुणांच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. ही वाटणी मला योग्य वाटते. आपल्या वेळेची वाटणी मात्र तशी नसते. संख्याज्ञान उरल्यासुरल्या दिवसांत उरकलं जातं, कारण स्वयंसेवकालाच गणिताचा धाक असतो. शाळेत शिकणारी नात आजीला अक्षरं आवडीने शिकवते, टक्केवारीचं नाव काढताच पळते. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात निम्मा वेळ हिशेबाला द्या, अशी माझी शासनाकडे जाहीर मागणी आहे.

वयाची सबब तर आता कुणी सांगूच नये. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका पाटी घेऊन बसल्या.

गावोगाव वर्ग चालवणाऱ्या तुमच्याकडे माझी मागणी छोटी आहे. पुढच्या वर्गाला प्रत्येकीला घरातलं पासबुक, विजेचं बिल, रेशनची पावती, रोजगार हमीच्या मजुरीचा कागद, जे असेल ते आणायला सांगा. त्यातला आपला आकडा तिने बोटाने दाखवावा, आपल्या हिशेबाशी ताडून पाहावा, चुकला असेल तर तोंडावर सांगावं. तिथून पुढे बाराखडीला हात घाला. आणि ज्या कागदावरचा आकडा तिला समजलेला नाही, त्यावर सही करायला नकार द्यायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवा.