बेलारूसी द्वितीया आणि आपली तेलुगू



शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवतो? द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचेही स, ला, ते. पाठ करताना ही मोठीच सोय वाटायची, कारण एका ओळीच्या घोकंपट्टीत दोन विभक्त्या उरकायच्या. बेलारूसी भाषा शिकायला बसलं की मराठी माणसाला हीच सोय नडते.

आपल्या हैदराबादेत तारनाक्याला इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ आहे. १९५८ साली ही संस्था फक्त इंग्रजीसाठी निघाली. आता तिथं रशियनही शिकवतात. इथला विद्यार्थी बेलारूसीकडे वळतो तो बहुधा रशियन शिकून. आपल्याकडची काही मुलं डॉक्टर व्हायला मिन्स्क, ग्रोद्ना, विचेब्स्कला जातात, त्यांनाही आधी रशियनच लागते. १९९५ पासून बेलारूसमध्ये दोन्ही राजभाषा आहेत आणि शहरांत रशियनच जास्त कानावर पडते. मिन्स्कच्या मेट्रोतल्या घोषणा मात्र बेलारूसीत. ब्रानिस्लाव ताराश्केविच यांनी या भाषेचं शालेय व्याकरण १९१८ साली विल्नियसमध्ये छापलं. आपल्या दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं, म्हणजे त्याहून ब्याऐंशी वर्षं जुनं!

आता द्वितीया. ‘मी पाहतो’ म्हणजे ‘बाचु’. घर म्हणजे ‘दोम’, भाऊ म्हणजे ‘ब्रात’. ‘मी घर पाहतो’ हे होतं ‘बाचु दोम’; घराला काहीच लागत नाही. भावाला पाहिलं तर ‘बाचु ब्राता’. पुल्लिंगी सजीव नाम इथं षष्ठीचं रूप घेतं. इंग्रज विद्यार्थ्याला हा सजीव-निर्जीव भेद नव्यानं समजावून घ्यावा लागतो. आपण तर रोजच ‘घर पाहतो’ आणि ‘भावाला पाहतो’ म्हणतो.

स्त्रीलिंगी ‘आ’कारान्त नामाच्या शेवटी द्वितीयेत ‘उ’ येतो. विधवेला ‘उदावा’ म्हणतात, त्याची द्वितीया ‘उदावू’. संस्कृतातलं ‘विधवाम्’ याचंच नात्यातलं. त्या ‘आम्’चा आधी अनुनासिक स्वर झाला आणि पुढे नुसता ‘उ’ राहिला. शेजारच्या पोलिश लिपीत त्या अनुनासिकाची खूण अजून टिकून आहे. रशियन शिकलेल्यांना इथं एक सुखद धक्का बसतो. पाणी म्हणजे ‘वादा’. रशियनमध्ये द्वितीयेत आघात पहिल्या अक्षरावर उडी मारतो, ‘वोदु’. बेलारूसीत तो जागचा हलत नाही, ‘वादू’.

पण मराठीवर फार विसंबू नका. ‘पाहुण्यांनी मुलगी पाहिली’ आणि ‘पाहुण्यांनी मुलीला पाहिलं’ यांत केवढं अंतर आहे, हे लग्नाळू घरातल्या कुणालाही विचारा! ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कुणीही चालेल, ‘डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे नेमके तेच हवेत. आपण बोलणाऱ्याच्या मनाप्रमाणे ‘ला’ लावतो किंवा गाळतो. बेलारूसीत ती मुभा नाही. डॉक्टर कुणीही असो, ‘शुकायु दोक्तारा’च म्हणायचं.

खरी अडचण मात्र सुरुवातीला सांगितलेल्या त्या तक्त्याची. ‘तुला पाहतो’ आणि ‘तुला देतो’ यांत आपलं ‘तुला’ एकच. बेलारूसीत पाहताना ‘त्स्याब्ये’ आणि देताना ‘ताब्ये’. मराठीत विचार करून बोलणारा हमखास घोळ घालतो. आपल्या दखनीचाही उपयोग नाही, कारण तिथला ‘कू’ दोन्हीकडे चालतो. इथं कामाला येते ती तेलुगू. ‘निन्नु चूशानु’, तुला पाहिलं. ‘नीकु इच्चानु’, तुला दिलं. काचीगुड्याच्या, सुलतान बाजारच्या मराठी घरांत वाढलेलं पोर हा फरक गल्लीत खेळताखेळता शिकतं, कुठलाही तक्ता न पाहता. माझं तर स्पष्ट मत आहे, हैदराबादी मराठी माणसानं बेलारूसी शिकताना वाक्य आधी मनात तेलुगूत म्हणावं. ‘नि-नु’ आलं तर द्वितीया, ‘कि-कु’ आलं तर चतुर्थी. पुण्याच्या विद्यार्थ्याला ही सवलत नाही, त्याला बिचाऱ्याला घोकावंच लागेल.

अर्थात ही युक्ती सगळीकडे चालत नाही. गावाला जाताना तेलुगू ‘कि’ लावते, बेलारूसी द्वितीया. तिथं संस्कृतला हाक मारायची. ‘ग्रामं गच्छति’त द्वितीया, ‘ग्रामे वसति’त सप्तमी, अगदी तसंच. हैदराबादला जायचं तर ‘उ हायदाराबाद’. हैदराबादेत राहायचं तर ‘उ हायदाराबाजे’. शेवटच्या ‘द’चा आपल्या ‘जहाजा’तल्यासारखा, पण किंचित मऊ ‘ज’ होतो. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांची जीभ या ‘ज’पाशी अडखळते, आपली नाही.

आणि एक, आभार मानताना रशियन द्वितीया वापरते. ती सवय घेऊन आलेला विद्यार्थी बेलारूसीत चुकतो, कारण तिथं आभारांना चतुर्थी लागते, थेट तेलुगूतल्या ‘मीकु धन्यवादालु’सारखी. तेव्हा श्रोतेहो, ‘ज्याकुयु वाम’.