आधी बेरीज, मग वर्ग

होमी भाभांचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते अणुभट्टीमुळे. पण केंब्रिजला असताना, तरुणपणी, त्यांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचं गणित सोडवलं. ते 1936 मध्ये प्रसिद्ध झालं. जगभरच्या पुस्तकांत आजही त्या टकरीला भाभांचंच नाव आहे.

हे मला भाचीमुळे कळलं. ती एम.एस्सी. झाली. तिच्या अब्बांचं म्हणणं, बी.एड. करावं आणि इथंच मोमीनपुऱ्यात शिकवावं. तिला हवं होतं एक वर्ष. संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेसाठी आणि फाइनमनच्या आकृत्या शिकण्यासाठी. मध्यस्थी माझ्याकडे आली. मी साधा बी.ए.; पण कवीला सगळं कळतं, असा आमच्या घरात एक समज आहे.

मी तिची वही मागितली. सरळ रेघा इलेक्ट्रॉनच्या. नागमोडी रेघ प्रकाशकणाची, म्हणजे फोटॉनची. पॉझिट्रॉनच्या रेघेवरचा बाण काळाच्या उलट दिशेनं! मला राहवलं नाही. म्हटलं, ही तर कविता झाली.

"मामू, उपमा नाही ही. हिशेब आहे."

रिचर्ड फाइनमननं या आकृत्या 1948 मध्ये मांडल्या. प्रत्येक रेघेला, रेघा मिळतात त्या प्रत्येक बिंदूला ठरलेलं गणिती पद असतं. चित्र म्हणजे कणाच्या वाटेचा फोटो नव्हे. भाभांच्या टकरीत मुख्य आकृत्या दोन. एकीत दोघे फोटॉनची देवघेव करून वळतात. दुसरीत दोघे नाहीसे होतात, फोटॉन उरतो आणि त्यातून पुन्हा जोडी जन्मते. यातलं खरं काय घडलं, असं विचारायचं नाही. दोन्ही पदं आधी एकत्र करायची, मग वर्ग. उलट केलं तर उत्तर चुकतं. भाभांनी हे आकृतीशिवाय केलं होतं, याचं मला अधिक नवल वाटतं.

यासाठी आधी सापेक्षता हवी, डिरॅकचं समीकरण हवं, संमिश्र संख्यांचं कलनशास्त्र हवं. रेघा ओढणं सोपं. त्यांची किंमत काढण्यात महिने जातात.

अब्बांनी विचारलं, "अशा आकृत्या असतात तरी किती?" तिनं इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वातल्या दुरुस्तीचं उदाहरण दिलं. पहिल्या पायरीला 1, मग 7, मग 72, मग 891, पाचवीला 12,672. दर पायरीला उत्तरात पडणारी भर शंभराहून अधिक पटींनी लहान होते, तरी लोक ती काढतात. तोइचिरो किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या पायरीचं उत्तर 2012 मध्ये दिलं, संगणकाच्या मदतीनं.

अब्बा किराणा दुकानाचा हिशेब रोज रात्री पैशापर्यंत जुळवतात. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बी.एड.चा फॉर्म पुढच्या साली भरू."