आमच्या ताईंना पुरस्कार मिळाला तेव्हा

आम्ही वडाळ्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. माइकपुढे एकटीच बसली असली तरी जे सांगणार आहोत ते तीन बैठकांत सगळ्यांनी मिळून बोललेलं आहे, म्हणून 'आम्ही'च म्हणतो.

आमची बैठक महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी असते. मागे एकदा नेमका त्याच वेळी एका वाहिनीचा पुरस्कार सोहळा होता. बाराजणींपैकी चौघीच आल्या, बाकीच्यांनी बचतीचे पैसे पोरांच्या हातून पाठवले. आम्ही चौघींनी रागारागाने हिशेब उरकला, वही मिटली आणि शेजारच्या घरात टीव्हीसमोर जाऊन बसलो. तेव्हा टीव्ही बघू नका असं सांगायला आम्ही आलेलो नाही. तो आमचाही विसावा आहे.

पण बघता बघता एक गोष्ट खटकायला लागली. झी मराठी असो की स्टार प्रवाह, वाहिनी पुरस्कार देते ते आपल्याच मालिकांना. घरचंच कार्य, घरचेच वऱ्हाडी. त्याबद्दल तक्रार नाही, आपल्या माणसांचं कौतुक कोणीही करावं. खटकतात ती पुरस्कारांची नावं. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट आई. नायिका, खलनायिका हेही असतं, पण आमच्या वस्तीत दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा होते ती सासूला मिळाला की सुनेला, याचीच. बाई कोणाची कोण लागते यावर बक्षीस. ती काय करते, यावर नाही.

आणि मालिकांत बाया काहीच करत नाहीत असंही नाही हो. 'माझ्या नवऱ्याची बायको' आठवते ना? २०१६ ते २०२१ चालली. त्यातली राधिका मसाल्याचा धंदा उभा करते. आमचाही मसाल्याचाच गट, त्यामुळे आम्ही ती डोळ्यांत तेल घालून बघायचो. राधिकाची कंपनी बघता बघता कोटींत गेली. आम्ही एप्रिल-मे महिन्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणतो, गच्चीवर वाळवतो, भाजतो, लालबागला कुटून आणतो, आणि ठसक्याने आठवडाभर खोकतो. बँकेचं कर्ज मागायला गेलो तर आधी सहा महिन्यांच्या नियमित बैठका, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि वही दाखवा म्हणाले. राधिकेला कधी अन्न परवान्यासाठी रांगेत उभं राहिलेलं आम्ही पाहिलं नाही. असो. तरी ती आम्हाला आवडायची, कारण ती निदान तराजू तरी हातात धरायची.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी ८ मार्चच्या आधी एका बातम्यांच्या वाहिनीतून आम्हाला फोन आला. वाहिनीचं नाव घेत नाही. 'कर्तृत्ववान महिलां'चा सन्मान करायचा आहे, तुमच्याकडून एक नाव द्या. आम्हाला कोण आनंद! आम्ही गटाच्या हिशेबनीस ताईंचं नाव दिलं. सातवी शिकलेल्या, पण आमच्या सगळ्या कर्जांचं व्याज तोंडी सांगतात. एकही हप्ता चुकलेला नाही तो त्यांच्यामुळे. हे सगळं आम्ही फोनवर सांगितलं.

दोन मुलं कॅमेरा घेऊन ताईंच्या घरी आली. चांगली होती, चहा घेतला, पाया पडली. मग विचारलं, मावशी, तुमचा संघर्ष सांगा. ताईंनी मिरचीचा भाव सांगायला सुरुवात केली. ते नको, घरचं सांगा. मिस्टर काय करतात? ताई भोळेपणाने म्हणाल्या, आधी फार प्यायचे, मारायचेसुद्धा. आता पाच वर्षं झाली, थेंब घेत नाहीत, वॉचमनची नोकरी करतात. मुलांनी ऐकून घेतलं. जाताना एकजण म्हणाला, मावशी, बोलताना डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल, पुसू नका.

सोहळ्याला आम्ही पाचजणी टॅक्सी करून गेलो, भाडं आपापसात वाटून. दोन दिवसांचं पॅकिंग बुडालं. शाल, श्रीफळ, काचेसारखी एक बाहुली. मागे पडद्यावर ताईंची फिल्म लागली. करुण संगीत, आणि नवरा पितो, मारतो, तरी ही माऊली उभी राहिली. 'पाच वर्षं झाली, थेंब घेत नाहीत' हे वाक्य कापलेलं. हिशेबाची वही फिल्ममध्ये कुठेच नाही.

ते टीव्हीवर तीनदा लागलं. ताईंचे यजमान ज्या सोसायटीत वॉचमन होते तिथल्या लोकांनीही पाहिलं. नोकरी गेली नाही, पण रात्रपाळी बदलली आणि गेटवर लोक वास घेतल्यासारखे जवळून जायला लागले. मुलगी दहावीत होती, तिला शाळेत विचारलं गेलं. भाऊजी ताईंशी दोन महिने बोलले नाहीत. पाच वर्षं ज्या माणसाने जिवावर उदार होऊन बाटली सोडली होती त्याला साऱ्या महाराष्ट्रापुढे पुन्हा दारूडा ठरवलं. नाव कोणी दिलं होतं? आम्ही. काय विचारणार, काय दाखवणार, हे विचारायचं सुचलं नाही, ती चूक आमची. बाकीची त्यांची.

आम्ही वाहिनीला फोन केला. 'बघतो' म्हणाले. पुन्हा केला. साहेब मीटिंगमध्ये. मग आम्हीच थकलो. नंतर एका वकील ताईंकडून कळलं ते तुम्हाला सांगून ठेवतो. जून २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला आहे. तक्रार फोनवर नाही, लेखी द्यायची, आधी वाहिनीलाच. वाहिनीने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे जाता येतं, आणि तिथेही नाही झालं तर केंद्र सरकारकडे. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. कार्यक्रम कधी लागला ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा, जमलं तर मोबाइलवर उतरवून घ्या.

रडणारी बाईच का हवी असते, यावर आमच्यात बराच वाद झाला. एक काकू म्हणाल्या, आपणच बघतो म्हणून. खरं आहे, पण अर्धंच. टीआरपी मोजायचं यंत्र काही प्रत्येक घरात नसतं. २०२० मध्ये देशभरात चव्वेचाळीस हजारांच्या आसपास घरांत ते होतं, आणि त्यावरून कोट्यवधी घरांची आवड ठरत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की अशा काही घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला सांगितलं जात होतं. त्यानंतर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंदच होते. पुढे सरकारने तो खटला मागे घेतला, तेव्हा खरंखोटं आम्ही सांगणार नाही. पण पाचशे रुपयांत आवड विकत घेता येते असं नुसतं कोणाच्या मनात यावं, यातच आमच्यासारख्या घरांची किंमत कळते. काकूंना आम्ही एवढंच म्हटलं, आपण बघतो, पण आपल्याला विचारतंय कोण?

बातमीवाल्यांना नुसती नावं ठेवणार नाही. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात चेंबूर आणि भक्ती पार्कच्या मध्ये मोनोरेल अडकली, ५८२ माणसं आत. त्या संध्याकाळी टीव्ही नसता तर आम्हाला काही कळलं नसतं. शिडीवरून एकेकाला उतरवताना बघत आम्ही वाटीतला भात तसाच ठेवला होता. ती बातमी म्हणजे काम होतं, त्या वार्ताहर मुलीही चिंब भिजून उभ्या होत्या. मग २० सप्टेंबरपासून मोनोरेल बंद झाली. तिने कामाला जाणाऱ्या बाया आता बसला किती वेळ उभ्या राहतात, हे विचारायला आमच्याकडे मात्र कोणी कॅमेरा आणला नाही. त्यात रडणं नव्हतं, नुसता उशीर होता.

ताईंची बाहुली आता गटाच्या कपाटात आहे. घरी नको म्हणाल्या. ही गोष्ट रेडिओवर सांगायची का, हे आम्ही या वेळी आधी त्यांना आणि भाऊजींना विचारलं. भाऊजी म्हणाले, सांगा, पण पाच वर्षांचं वाक्य गाळू नका. आता ती आठ झाली आहेत.

मागच्या बैठकीत ठराव लिहिला. यापुढे कोणी पुरस्कार घेऊन आलं तर आधी तीन प्रश्न विचारायचे. पुरस्कार कोणत्या कामासाठी? घरच्यांबद्दल काय विचारणार? आणि दाखवण्याआधी आम्हाला दाखवणार का? खाली पहिली सही हिशेबनीस ताईंची आहे. सही करून झाल्यावर त्या म्हणाल्या, चौथा राहिला की, टॅक्सीचं भाडं कोण देणार? तोही लिहून घेतला.