ओसरलेले पाणी आणि ओले घर



वैशाखाच्या या दिवसांत, बदलापूरचा पारा चाळिशीपलीकडे जात असताना, आम्ही थंडीने गोठून फुटलेल्या नळांची गोष्ट काढली, तर ऊन डोक्याला लागले असे आपण म्हणाल. खरवईत नळाला पाणी येत नाही ही तक्रार आम्ही जन्मभर ऐकली. नळातले पाणी दगड झाले अशी तक्रार कधी ऐकली नाही. पण आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा अमेरिकेत टेक्सास प्रांतात डॅलस शहराजवळ राहतो. २०२१ च्या फेब्रुवारीत त्या प्रांतावर असा हिवाळा कोसळला की वीज गेली, घरे गारठली आणि हजारो घरांतले नळ फुटले. पाण्याचा बर्फ झाला म्हणजे शंभर भागांचे सुमारे एकशे नऊ भाग होतात. नळीत बर्फाचा बूच बसतो, तोटी बंद असते, आणि मधल्या पाण्याला जावयास जागा राहत नाही. शेवटी नळी चिरते. गंमत अशी की चीर पडते तेव्हा कोणाला कळत नाही. थंडी सरून बर्फ वितळला, की मग छतातून धार लागते. हा मुलगा नोकरीवरून परत आला तो घोटाभर पाण्यात.

त्याच्या घराच्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या फळ्यांच्या. दुरुस्तीवाल्यांनी त्या खालून दोन फूट कापून टाकल्या, मोठाले पंखे आणि हवेतला ओलावा शोषणारी यंत्रे लावली, आणि यंत्राने लाकडाचा ओलावा मोजून तो उतरेपर्यंत नवी फळी बसविली नाही. त्याने हे सारे आम्हांस फोनवर सांगितले, तेव्हा आम्ही गप्प झालो. कारण त्याआधी दीड वर्ष आम्ही आमच्या बहिणीच्या घरी नेमके उलटे करून बसलो होतो.

२०१९ च्या जुलैची २६ आणि २७ तारीख आपल्यापैकी कोण विसरला असेल? मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. ती बातमी देशभर गेली. हेंद्रेपाड्यातल्या तळमजल्यांची बातमी मात्र फार लांब गेली नाही. आमचे घर रुळांच्या या बाजूला, खरवईत. ते कोरडे राहिले. धाकट्या बहिणीचे घर नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. पाणी कमरेपर्यंत चढले, आणि दुसऱ्या संध्याकाळी निघूनही गेले. जाताना चिखल ठेवून गेले.

आम्ही पोहोचलो तेव्हा मेहुणे ओल्या पायांनी मीटरच्या खोलीकडे निघाले होते. वीज आली का पाहावी म्हणून. त्यांना हाताला धरून मागे ओढले, एवढे एक काम त्या दिवशी आमच्या हातून बरे झाले. बटणांच्या बोर्डात चिखल भरलेला असतो, वायरच्या नळ्यांत पाणी उभे असते. वायरमनने तपासून होय म्हणेपर्यंत मुख्य बटणाला हात लावावयाचा नाही. फ्रीज वरून पुसून चालू करावयाचा नाही. या बाबतीत आम्ही कोणाचेही दुसरे मत ऐकून घेणार नाही.

चिखलाचे मात्र लोकांचे समज चमत्कारिक आहेत. "वाळू दे, मग खरवडून काढू," असे शेजारी म्हणाले. तो वाळला की सिमेंट होतो. पाण्याने आलेला चिखल ओला असतानाच पाण्याने काढावा, भिंतीवरही पाणी वरून खाली मारावे. आधीच भिजलेली भिंत आणखी तासभराने काही बिघडत नाही. पण सामान रस्त्यावर फेकण्यापूर्वी प्रत्येक खोलीची आणि पाण्याच्या रेघेची छायाचित्रे घ्यावीत. तलाठी पंचनाम्याला येतो, विम्याचा माणूस येतो, तेव्हा दाखवावयास काही हवे. पायाला जखम असेल तर अनवाणी उतरू नये. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे गेली, ती पाणी ओसरल्यावर. आणि माताभगिनींना एक सांगणे: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू सुटतो.

आता आमच्या चुकीकडे येतो. घर धुऊन झाले, फरशी चकचकीत झाली, आणि सर्वांना वाटले की संकट गेले. त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. पुरापासून सदतिसाव्या दिवशी. बहीण म्हणाली, "दादा, गणपती काय या डागाळलेल्या भिंतीपुढे बसवायचा?" या प्रश्नाला भावाजवळ उत्तर नसते. रंगारी आम्हीच आणून दिला. त्याने भिंतीला हात लावून पाहिला, वरचा पापुद्रा कोरडा होता. लांबी भरली आणि दोन हात तेलरंग मारला. गणपती थाटात बसला. आल्यागेल्याने म्हटले, इथे पूर आला होता हे खरे वाटत नाही. आम्हीही मान डोलावली.

लक्ष्मीपूजनाला, बरोबर तीन महिन्यांनी, त्याच भिंतीवर पुरणपोळीएवढे फुगे आले होते. बोटाने दाबले की आत पाणी. कपाट सरकविले तो मागे काळी बुरशी. भाचीला रात्रीचा खोकला लागला होता. डॉक्टरांचे औषध आणि भिंतीची ओल यांची चढाओढ चालली होती.

झाले होते ते असे. वीट ही माठाची बहीण. माठ पाझरतो तशीच ती पाणी पिते; आणि समईतली वात तेल वर ओढते तशी भिंत पाणी वर ओढते. पाणी कमरेइतके होते, पण दोन आठवड्यांनी ओल छातीपर्यंत गेलेली आम्ही पाहिली होती आणि तिचा अर्थ आम्हांस लागला नव्हता. विटेतले पाणी बाहेर पडावयाचे तर पृष्ठभागाकडे येऊन हवेत जाणार. तेलरंग म्हणजे त्या वाटेवर घातलेले कुलूप. पाणी रंगाला पुढे ढकलते. जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडते आणि विटेतले क्षार मागे ठेवते. तोच भिंतीला धरणारा पांढरा लोणा. विलायतेतले बांधकामवाले ढोबळ हिशेब सांगतात की ओली भिंत वाळावयास इंचाला एक महिना लागतो. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी चार-साडेचार महिने झाले. आणि तो त्यांच्या हवेचा हिशेब. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात हवाच इतकी ओली असते की ती भिंतीचे पाणी घेणार कोठे? दोरीवरचा रुमाल दोन दिवस वाळत नाही, आणि आम्ही नऊ इंच वीट पाच आठवड्यांत वाळली असे धरून चाललो!

काही जण खोल्या बंद करून गॅसच्या शेगड्या पेटवतात. एक किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन त्याच खोलीत राहते. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत जीवच घेते. पंखा भिंतीच्या रोखाने चालू ठेवावा, बाहेर पाऊस थांबून ऊन असेल तेव्हा खिडक्या उघडाव्यात, आणि खरी वाळवण दसऱ्यानंतर सुरू होते असे समजून बसावे. दरम्यान भिंत अगदीच उघडी दिसत असेल तर चुन्याची सफेदी द्यावी. चुना भिंतीचा श्वास कोंडत नाही. भिंत वाळली की नाही हे कळण्यास यंत्र नसेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन चारी कडा चिकटपट्टीने भिंतीला बंद कराव्यात. दोन दिवसांनी आतून दव दिसले तर रंगाऱ्याला परत पाठवावे.

सुतारालाही थांबवावे. सागवानी दार फुगून चौकटीत अडकते, आणि आपण लगेच रंधा मारून घेतो. हिवाळ्यात ते आकसले म्हणजे फटीतून बोट जाते. भुशाच्या फळ्यांचे कपाट मात्र गेले ते गेलेच. भिजलेल्या पावासारखे ते फुगते, त्याच्यावर खर्च करू नये.

कागदांच्या बाबतीत, योगायोगाने, आम्हांस अक्कल सुचली. खरेदीखत, भाचीच्या गुणपत्रिका, सासूबाईंच्या पेन्शनचे कागद, सारा एक लगदा झाला होता. मोठ्या ग्रंथालयांत भिजलेली पुस्तके गोठवून ठेवतात असे आम्ही कोठेतरी वाचले होते. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि आपल्याला वेळ मिळतो. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांत पुस्तके गमावली. ग्रंथांना पाणी लागले की वेळ किती थोडा असतो हे त्या मंडळींना विचारावे. आम्ही कागद पिशव्यांत घालून खरवईला नेले आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. आमच्या घरी महिनाभर कुल्फी झाली नाही. रोज चार-पाच कागद काढावयाचे, टिपकागदात धरावयाचे, पंख्याखाली सावलीत वाळवावयाचे. उन्हात वाळवलेले कागद पापडासारखे वळले; हे वाचले. लग्नाची छायाचित्रे एकमेकांना चिकटली होती. ती तशी वाळू न देता स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवून एकेक सोडविली. जिथे बर्फाने नळ फुटतात तिथली मंडळी ऐकतील तर हसतील, पण आमच्या घराण्याची कागदपत्रे बर्फाने राखली.

दिवाळीनंतर भिंती छातीच्याही वर हातभर खरवडल्या. गिलावा काढून उघड्या विटा ठेवल्या. पाहुणे येत, विटा पाहत, आणि घर विकायला काढले का म्हणून विचारीत. बहिणीने ते तीन महिने ऐकून घेतले. प्लॅस्टिकचा तुकडा जानेवारीत कोरडा निघाला, गवंड्याने नवा गिलावा केला, तो पक्का वाळू दिला, आणि २०२० च्या फेब्रुवारीच्या अखेरीस रंग झाला. पुढच्याच महिन्यात साऱ्या देशाला घरात कोंडून घ्यावे लागले. ती पाच माणसे त्या दोन खोल्यांत रात्रंदिवस होती, आणि भाचीचा खोकला गेलेला होता. तो खोकला त्या दिवसांत असता तर शेजाऱ्यांनी काय केले असते याचा आम्ही विचार करीत नाही.

खर्च म्हणाल, तर भिंतींवर दोनदा झाला. पहिला आमच्या सल्ल्याचा. तो आम्ही भरून देऊ म्हटले, मेहुण्यांनी घेतला नाही, आणि आजतागायत प्रत्येक गणपतीत त्या तेलरंगाची आठवण मात्र न चुकता काढतात.

बटणांचे बोर्ड त्यांनी पाण्याच्या रेघेच्या दीड हात वर घेतले. ती रेघ कोठे होती हे विसरू नये म्हणून कपाटामागची हातभर भिंत रंगविलेली नाही. मृग लागण्याच्या आदल्या रविवारी बहीण कपाट सरकवून ती रेघ पाहते आणि कागदांची पेटी तिच्यावरच्या फळीवर आहे ना, याची खात्री करते. २०२१ च्या जुलैत उल्हास पुन्हा धोक्याच्या खुणेवर गेली, त्या रात्री तिने फोनवर आम्हांस एवढेच सांगितले, "पेटी वर आहे, मेन स्विच बंद केलाय, आम्ही वरच्या मजल्यावर चाललोय." मृगाला अजून काही आठवडे आहेत. आता प्रश्न विचारावेत. भिंतीचा फोटो कोणी आणला असेल तर तोही पाहू.