भिसे यांचे तोलयंत्र आणि गावातली विळी



आपल्या इतवारीत वाण्याला साखर तोलताना तुम्ही पाहिलेच असेल. पोत्यातून साखर काढायची, पारड्यात टाकायची, चिमूट कमी, चिमूट जास्त. आणि गिऱ्हाईक काट्यावर डोळे लावून उभे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली : सुटा किराणा ठरल्या वजनाने आपोआप तोलून देणारे यंत्र कोण काढतो? बक्षीस मिळवले मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांनी.

भिसे यांचा जन्म १८६७ चा. चौदाव्या वर्षी या मुलाने घरीच दगडी कोळशापासून गॅस काढण्याचे उपकरण केले. पुढे लंडन गाठले, तेव्हा दादाभाई नौरोजींनी पाठीवर हात ठेवला, पैसाही घातला. स्वयंपाकघरातली साधने, आपोआप पाणी सुटणारा संडास, बदलत्या जाहिराती दाखवणारी दिव्यांची पाटी : डोके एकाच ठिकाणी थांबतच नव्हते. दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटे त्यांच्या नावावर सांगतात. लोक त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणत. मला ही पदवी फारशी रुचत नाही. भिसे हे भिसेच होते.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे छापखान्याचे खिळे झपाट्याने ओतणारे यंत्र, 'भिसोटाइप'. पण पेटंट म्हणजे कारखाना नव्हे, बरं का! यंत्र बाजारात आणायला भांडवल हवे. ते मिळवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. रतन टाटांनी पैसा घातला, तरी धंदा उभा राहिला नाही. १९१६ साली भिसे अमेरिकेला गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच वारले.

आता तुमच्या गावाकडे वळू. एखादा सुतार विळीला असा आडोसा बसवतो, की बोट कापत नाही. चारजण वाहवा करतात. गुरुजी कौतुकाने ती विळी शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात मांडतात. आणि इथेच घात होतो! पेटंट मिळते ते नव्या वस्तूला. अर्ज करण्यापूर्वी वस्तू चारचौघांत उघड झाली, की कायद्याच्या नजरेत तिचे नवेपण गेले. शासनाने खास जाहीर केलेल्या काही प्रदर्शनांना सवलत आहे, पण शाळेचे प्रदर्शन सहसा त्यात बसत नाही. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन.

वस्तू पुरती तयार नसली तरी चालते. प्रथम तात्पुरते वर्णन द्यावे. त्या दिवसाची तारीख आपल्या नावे लागते. पूर्ण वर्णन बारा महिन्यांत द्यायचे. एकट्या माणसाला संगणकावरून अर्जाची मूळ फी सध्या १,६०० रुपये आहे. तपासणीची फी निराळी. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे हक्क राहतो, मात्र त्यासाठी ठरलेली फी भरत राहावी लागते. आणि हा हक्क त्या त्या देशापुरताच असतो.

अशी विळी आधीच कुणी केली आहे का, हेही पाहायला हवे. या कामात आपल्या नागपूरचे नाव जुने आहे. पेटंटांची माहिती पुरवणारे केंद्र इथे १९८० साली निघाले, आणि बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था सिव्हिल लाइन्समध्ये आहे. शोध तर आता घरच्या संगणकावरही फुकट घेता येतो.

एक अडचण मात्र उरते. अर्ज आणि वर्णन हिंदीत किंवा इंग्रजीतच लागते. मराठीत चालत नाही. सुताराला आडोसा कसा फिरतो, कुठे अडतो, हे हाताने दाखवता येते, पण लिहिता येत नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुम्ही हवेत. एका संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, विळी पुढ्यात घ्या, आणि तो सांगेल ते एकेक भागाचे नाव घेऊन, आकृती काढून, लिहून घ्या. विळी मात्र तोवर कपाटात राहू द्या.