रांगेतला नंबर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित)



मघाशी माझी ओळख करून देताना 'सन्माननीय आमदार' असा उल्लेख झाला आणि मागून कोणीतरी खोकलं. तो खोकला मी लगेच ओळखला. आठवीपासून तोच आहे. मी फळ्यावर गणित सोडवायला उठलो, की हाच खोकला यायचा. तेव्हा आज सन्माननीय वगैरे काही नको. १९८८ च्या दहावीचा, तुकडी 'ब', मधल्या रांगेत खिडकीशी बसणारा, एवढी ओळख पुरे.

संयोजकांनी मला सांगितलं, "विधिमंडळात काय चालतं, कोणते कायदे झाले, आपल्या भागाला त्यांचा काय उपयोग, हे वीस मिनिटांत सांग." वीस मिनिटांत सगळे कायदे सांगायला गेलो तर तुम्ही जेवणाच्या मांडवाकडे बघायला लागाल. म्हणून एकाच कायद्याविषयी बोलतो. त्या कायद्याला सभागृहात 'होय' म्हणणाऱ्यांत मी होतो, आणि पुढे दोन वर्षं मीच तो रोज मोडत होतो. मोडत होतो म्हणजे कलम मोडलं नाही, पण त्याचा अर्थ मोडत होतो. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते आपल्या गणिताच्या सरांनी. सर इथे बसलेत. त्यांची परवानगी काढूनच सांगतोय.

आधी कायदा कसा होतो ते थोडक्यात. विधानसभेत आम्ही २८८ जण, विधानपरिषदेत ७८. त्या ७८ मधले ७ जण शिक्षकांनी निवडून दिलेले असतात, ही गोष्ट आज इथे मुद्दाम सांगण्यासारखी. मंत्री विधेयक मांडतात. मग ते विचारात घ्यायचं, एकेक खंड घ्यायचा, दुरुस्त्या घ्यायच्या आणि शेवटी संमत करायचं. 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे', की आम्ही होय म्हणतो. दुसरं सभागृह, राज्यपालांची संमती, राजपत्र, असा प्रवास झाला की कायदा होतो. टीव्हीवर तुम्हाला गोंधळ दिसतो, कारण गोंधळच दाखवण्यासारखा असतो. खंड क्रमांक चार विधेयकाचा भाग झाला, हे कोण दाखवणार?

२०१५ साली असाच 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम' झाला. त्याआधी २८ एप्रिलपासून त्याचा अध्यादेश लागू होताच. कायदा सोपा आहे. सरकारने ज्या सेवा अधिसूचित केल्या, म्हणजे दाखले, नोंदी, उतारे, परवाने, त्या ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क. अर्ज दिला की पोच मिळालीच पाहिजे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात आणि कोणाकडून मिळेल, हे कार्यालयाने फलकावर लावलं पाहिजे. नाकारलं तर कारण लेखी द्यायचं. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर तीस दिवसांत पहिलं अपील, तिथे समाधान झालं नाही तर दुसरं, आणि त्यानंतर थेट राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड, तोही स्वतःच्या खिशातून. मी तेव्हा पहिल्यांदाच निवडून गेलो होतो. मोठ्या आनंदाने 'होय' म्हटलं, आणि तो कायदा विसरून गेलो.

कारण मतदारसंघात परत आलो की माझ्या संपर्क कार्यालयात माणसं बसलेली असायची ती एकाच गोष्टीसाठी. पत्र. "साहेब, एक पत्र द्या." उत्पन्नाच्या दाखल्याला पत्र, रेशनकार्डात नाव चढवायला पत्र, सातबाऱ्यावरच्या नोंदीला पत्र. आणि मी देत होतो. 'योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती', खाली सही. दिवसाला तीस-चाळीस. संध्याकाळी हात दुखायचा आणि आपण केवढी लोकसेवा केली म्हणून बरं वाटायचं.

एका जूनमध्ये आपल्यातलाच एक जण आला. नाव सांगत नाही, तो इथे आहे आणि आता खाली बघतोय. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता, फीच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. अर्ज देऊन चारच दिवस झाले होते, पण कागद जमा करायची तारीख जवळ आलेली. मी पत्र दिलं, वर फोनही केला. दुसऱ्या दिवशी दाखला हातात. तो पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले.

काही आठवड्यांनी सर आले. सरांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला वाटलं, आज मागतील. मी लेटरहेडचं पॅड पुढे ओढलं. सर म्हणाले, "पॅड राहू दे. एक गणित सोडव. रांगेत दहा माणसं आहेत. दहाव्याला उचलून पहिला केला. बाकीच्यांचं काय झालं?"

मी म्हटलं, "सर, नऊ जण एकेक पाऊल मागे गेले."

"बरोबर. आता त्या नऊ जणांनाही तुझं पत्र दिलं तर?"

मी गप्प. सर म्हणाले, "तर रांग होती तशीच राहील. फक्त दहा कागद वाया जातील. तुझ्या पत्राला किंमत कशामुळे आहे? बाकीच्यांकडे ते नाही म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. आपल्या शाळेचे घंटा देणारे मामा तुम्हाला सगळ्यांना आठवतात. पावसात छत्री नसलेल्या पोरांना स्वतःच्या घोंगड्यात घेऊन नदीच्या पुलापर्यंत सोडणारे. त्या मामांच्या नातीने, त्याच कार्यालयात, त्याच दाखल्यासाठी, आपल्या मित्राच्या दहा दिवस आधी अर्ज दिला होता. मुदत पंधरा दिवसांची. तिला दाखला मिळाला तो एकतिसाव्या दिवशी. तोवर तारीख गेली होती. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून पूर्ण फी भरली. सरांनी त्यांना विचारलं, "अरे, आमदार आपल्या शाळेचा आहे, गेला का नाहीस?" ते म्हणाले, "एवढ्याशा कामासाठी त्यांना कुठं त्रास द्यायचा!"

ही गोष्ट मी त्या घरच्यांना विचारून सांगतोय. तो एक दाखला मागे ठेवूनच माझ्या मित्राचा पुढे काढला, असं मी म्हणणार नाही. तसं सिद्ध करता येणार नाही. पण माझं पत्र मिळालेल्याचं काम सहाव्या दिवसापर्यंत झालं आणि पत्र न मागणाऱ्याचं एकतिसाव्या दिवशी, हे कागदावर आहे. सरांनी जाताना पिशवीतून लोकसेवा हक्क कायद्याची प्रत काढून माझ्या टेबलावर ठेवली. महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारलेल्या. म्हणाले, "तुम्हीच केलाय ना? मग वाच एकदा."

मित्रहो, त्या रात्री मी तो पहिल्यांदा नीट वाचला. सभागृहात 'होय' म्हणून झाल्यावर दोन वर्षांनी.

आपली तुकडी बहात्तरच्या दुष्काळातली. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आया आपण पोटात असताना नाहीतर पाळण्यात असताना खडी फोडायला जात होत्या, सुकडी खाऊन दिवस काढत होत्या. त्या कामांमागे जी रोजगार हमी योजना होती, तिचं मूळ आपल्यापासून लांब नाही. तासगाव तालुक्यातलं विसापूर. वि. स. पागे यांनी १९६५ साली तिथे तो प्रयोग सुरू केला. १९७७ ला त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली देशाने तसाच कायदा केला. त्यातली मोठी गोष्ट कोणती? काम मिळणं ही कोणाची मेहेरबानी राहिली नाही. मागणी केली की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. आपल्या आयांना ते काम मागताना कोणाच्या पत्राची गरज लागू नये, हा विचार पागेसाहेबांनी इथल्या मातीत केला. आणि मी त्याच मातीत बसून पत्रं वाटत होतो.

त्यानंतर मी ठरवलं. ज्या सेवा या कायद्यात येतात त्यांच्यासाठी पत्र द्यायचं नाही. त्याऐवजी कार्यालयात एक टेबल लावलं. तिथे एक मुलगी बसते. ती पहिल्यांदा पोच बघते. अर्ज कधी दिला, मुदत कधी संपते, ते वहीत लिहिते. मुदत असेल तर सांगते, "अमुक तारखेपर्यंत थांबा." टळली असेल तर तिथेच अपील लिहून देते. बस, एवढंच.

हे सोपं गेलं असं समजू नका. पहिलं वर्षभर लोक चिडले. "पूर्वीचा आमदार बरा होता, हा साधं पत्र देत नाही." चहाच्या गाड्यावर चर्चा, "याला माज आला." पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी तोच मुद्दा घेतला. या शाळेच्या गावात माझं मताधिक्य घटलं. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांनीच मला सुनावलं, "आम्ही तुझ्यासाठी उन्हात फिरलो, आणि आम्हाला रांगेत उभं करतोस?" त्यांचा राग मला समजतो. रांग पुढे सरकेल असा विश्वास नसेल, तर ओळख काढण्याशिवाय माणूस करणार काय?

अपिलाची भीतीही मोठी. "तक्रार केली आणि उद्या त्याच साहेबाकडे दुसरं काम निघालं तर?" हा प्रश्न मला शंभर वेळा आला. त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एकट्याने अपील केलं तर माणूस डोळ्यावर येतो, वीस जणांनी केलं तर ती पद्धत होते, एवढं मला दिसलं.

आणि दुसरी बाजूही ऐका, कारण तिथेही आपली माणसं आहेत. आपल्याच शाळेतून शिकून सरकारी नोकरीत गेलेल्या एका धाकट्या मित्राने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तीन टेबलांचं काम माझ्या एकट्याकडे आहे. दोन जागा रिकाम्या. दंड मला होईल, पण माणूस कोण देणार?" हा प्रश्न खरा होता, आणि तो मात्र माझ्या कामाचा होता. मग मी सभागृहात तारांकित प्रश्न दिला. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना उभं राहून द्यावं लागतं आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात. त्याचा साचा ठरलेला असतो. 'हे खरे आहे काय?' इथपासून सुरुवात, आणि शेवट 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' माझ्या प्रश्नाला उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे.' मी परत प्रश्न दिला, लक्षवेधी दिली, लॉबीत मागे लागलो. दोन वर्षांनी दोनपैकी एक जागा भरली. एक अजून रिकामी आहे. पण एवढं कळलं, की आमदाराने लढायचं ते दुसऱ्या टेबलावर माणूस यावा म्हणून. पहिल्या टेबलावरचा एक कागद वर काढण्यासाठी नव्हे.

आजची स्थिती सांगतो. गेल्या जूनमध्ये आमच्या वहीत मुदत टळलेल्या अर्जांची पानं पूर्वीपेक्षा कमी भरली. सगळं सुरळीत झालं असं नाही. काही कार्यालयांत फलक लावलाय, पण तो कपाटाच्या मागे. काही ठिकाणी पोच मागितली की अजूनही कपाळाला आठ्या पडतात. आणि मीही काही साधू झालेलो नाही. दवाखान्यात कोणी अत्यवस्थ असेल तर आजही मी रात्री दोनला फोन करतो. तिथे रांगेचा हिशोब मला जमत नाही.

आता तुमच्याकडे मागणं. आमदार मत मागतो, आज मी शनिवार मागतोय. आपल्यात निवृत्त तलाठी आहेत, बँकेतले आहेत, वकील आहेत, पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणारे आहेत. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे चार शनिवार याच शाळेच्या एका वर्गात टेबल लावून बसा. मुलांचे अर्ज नीट भरून द्या, पोच जपून ठेवायला सांगा, मुदत संपल्याची तारीख वहीत लिहा, आणि ती टळली तर अपील लिहून द्या. शक्य असेल तर निकालाची वाट न बघता डिसेंबरमध्येच दाखल्यांचं काम सुरू करा, म्हणजे जूनमध्ये पळापळ होणार नाही. या टेबलावर माझा फोटो नको, माझ्या पक्षाचं नाव नको. शाळेचं नाव पुरे. मुख्याध्यापक सरांनी वर्ग द्यायचं कबूल केलंय. किल्ली कोणाकडे राहील तेवढं आज जेवायच्या आधी ठरवू.

मामांची नात आता तिसऱ्या वर्षाला आहे. कर्जाचे हप्ते चालू आहेत. मी मदत करतो म्हणालो, तर तिच्या वडिलांनी हात जोडले, "नको साहेब, होतंय." पण ती स्वतः मागच्या जूनमध्ये आमच्या टेबलावर येऊन बसली. एका दिवसात तिने बावीस पोचपावत्या वहीत उतरवल्या. अक्षर मात्र, बाई, तुम्ही असता तर तुम्हाला चाललं नसतं.

सर, तुमच्या गणिताचं उत्तर मी अजून पूर्ण सोडवलेलं नाही. एक जागा रिकामी आहे, आणि काही फलक कपाटामागे आहेत. विलंबाची कारणे तुम्ही पुढच्या मेळाव्यात विचारालच. तयारी करून येतो.