वसतिगृहाचे दार



'मुलींची वसतिगृहे आणि मराठी आत्मचरित्र' असा विषय मला देण्यात आला आहे. विषयाचा आवाका मोठा आहे. मी आज तीन स्त्रियांपुरतेच बोलणार आहे. बाया कर्वे, पार्वतीबाई आठवले आणि जनाक्का शिंदे. पहिल्या दोघी सख्ख्या बहिणी. तिसरी आपल्या जमखंडीची.

आधी एक साधा प्रश्न. विधवांना शिकवायचे होते तर दिवसाची शाळा का पुरली नाही? राहण्याचीच सोय का करावी लागली? आपण याचे उत्तर 'आसरा' या एका शब्दात देऊन मोकळे होतो. ते अपुरे आहे. बालविधवा ही त्या काळच्या एकत्र कुटुंबात बिनपगारी माणूस होती. पहाटेचे पाणी, सोवळ्यातला स्वयंपाक, भावजयांची बाळंतपणे, आजाऱ्याच्या उशाशी जागरण, सगळे तिच्याकडे. घरात राहून ती शाळेत गेली असती तरी पुस्तक उघडायला तिला तास मिळाला नसता. वसतिगृहाने तिला अक्षराआधी वेळ दिला. तिथेही कामे होतीच. निवडणे, दळणे, वाढणे, उष्टी काढणे. पण त्यांचे वार लावलेले असत. आज तुझा, उद्या माझा. काम संपले की ते खरोखर संपे. ज्या बाईचे काम आयुष्यात कधी संपलेच नव्हते तिच्यासाठी ही केवढी गोष्ट असेल, याचा विचार करावा.

गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथे दाखल झालेल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, ज्याने त्याने आपापला आचार पाळावा, असे रमाबाईंचे आश्वासन होते. पण त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि प्रार्थना लपवून करणाऱ्यांतल्या नव्हत्या. संशय वाढत गेला. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. त्याच साली मार्चमध्ये गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला होता. मुरुडकरांनी दोघांना वाळीत टाकले.

हे 1893 साल लक्षात ठेवले नाही तर हिंगण्याचा अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे. कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. प्लेगमुळे 1900 मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. फर्ग्युसनमध्ये दिवसभर गणित शिकवून कर्वे संध्याकाळी चिखलातून चालत आश्रमात जात, हे चित्र आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिले आहे. ते खरेच आहे. पण शारदा सदनाचे जे झाले ते आपले होऊ द्यायचे नाही हा त्यांचा हिशेबही तितकाच खरा आहे. पालकाला धास्ती वाटेल असे आश्रमात काही असता कामा नये. आचार जुना, जेवणखाण जुने, केशवपन झालेली मुलगी तशीच राहील. पुनर्विवाहाचा प्रचार तर नकोच. विधवाविवाहाच्या मंडळीचे चिटणीसपद कर्व्यांनी यासाठी सोडले. बाहेरून परंपरा सांभाळायची आणि आत अंकगणित शिकवायचे, असा तो सौदा होता.

सौद्याची किंमत कुणीतरी मोजतेच. पहिली किंमत घरातच मोजली गेली. पुनर्विवाहिता म्हणून बायांना सुरुवातीच्या काळात नवऱ्याच्याच आश्रमात जागा नव्हती. एका वसतिगृहात घडलेली ही बाई दुसऱ्याच्या दाराबाहेर. उतारवयात, 1944 साली, त्यांचे 'माझे पुराण' प्रसिद्ध झाले. आपल्याच आयुष्याला 'पुराण' म्हणण्यातला मिस्कीलपणा आमचे विद्यार्थी लगेच ओळखतात. समीक्षकांना जरा वेळ लागतो. त्या पुस्तकात तक्रार आहे, पण गाऱ्हाणे नाही. नवऱ्याच्या मोठेपणाचा संसाराला काय भाव पडला, हे त्या वाण्याच्या वहीसारखे मांडत जातात.

धाकट्या पार्वतीबाईंचे उलटे. वयाच्या विशीत विधवा झाल्यावर त्यांनी पुनर्विवाहाला ठाम नकार दिला. वपन केलेले डोके, नेसू आळवण. म्हणजे आश्रमाच्या दाराला हवा होता तसाच वेष. त्या आत गेल्या, शिकल्या, शिकवू लागल्या, मग झोळी घेऊन आश्रमासाठी गावोगाव फिरल्या. गंमत अशी, की या 'जुन्या' बाईने पुढे आपण होऊन वपन थांबवले आणि 1918 मध्ये, इंग्रजी बेताचेच असताना, एकटीने अमेरिका गाठली. 'माझी कहाणी' 1928 मध्ये आले. स्त्रियांच्या शिक्षणाबद्दलची त्यांची काही मते आज वाचताना मला पटत नाहीत. घरकामाला त्या फारच मध्यभागी ठेवतात. परंतु भाषा पाहा. वाक्य लहान, क्रियापद नेमके. वर्गणी मागताना समोरच्याला अर्ध्या मिनिटात मुद्दा सांगावा लागतो, तिथे हे गद्य तयार झाले असणार. कीर्तन, ओवी, घरातली म्हणी-उखाण्यांची बोली आणि आश्रमाची हिशेबवही, एवढ्याच भांडवलावर या दोघी बहिणी लिहीत होत्या.

आता जनाक्का. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसनमध्ये शिकत होते, जिथे कर्वे प्राध्यापक होते. सासरी छळ झाल्यामुळे माहेरी आलेल्या बहिणीला शिकवावे म्हणून त्यांनी आश्रमाकडे विचारणा केली. आश्रम तेव्हा ब्राह्मण विधवांचा; मराठा मुलीला घेता येणार नाही, असे उत्तर मिळाले. शिंद्यांनी हा प्रसंग आपल्या 'माझ्या आठवणी व अनुभव' मध्ये नोंदवला आहे. पुढे जनाक्कांना हुजूरपागेत, म्हणजे 1884 साली निघालेल्या मुलींच्या हायस्कुलात, प्रवेश मिळाला आणि त्या भावाच्या बरोबरीने निराश्रित साहाय्यकारी मंडळाच्या कामात उभ्या राहिल्या.

कर्व्यांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे मला वाटत नाही. सगळीच दारे एकदम उघडली असती तर 1893 पुन्हा घडले असते, हा युक्तिवाद मी वर्गात प्रामाणिकपणे मांडते. याच हिंगण्यात 1916 मध्ये महिला विद्यापीठाचे पहिले कॉलेज पाच विद्यार्थिनींवर सुरू झाले आणि उच्च शिक्षण मराठीतून देता येते हे तिथे करून दाखवले गेले, हेही सांगते. मराठी माध्यमासाठी रोज झगडणाऱ्या आपल्या भागाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. गेल्या वर्षी हे सारे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, मला कुठं घेतलं असतं?" ती खेड्यातून येऊन आमच्या मुलींच्या वसतिगृहात राहते. मी म्हटले, "हुजूरपागेत बघितलं असतं." ती म्हणाली, "पण मला सांगायला भाऊ नाही."

हा प्रश्न मी घरी घेऊन गेले. बाया आणि पार्वतीबाई आपल्याशी स्वतः बोलतात. जनाक्का आपल्याला भेटतात त्या भावाच्या पुस्तकातून. मराठी स्त्रीआत्मचरित्राचा इतिहास आपण लिहितो तो मुख्यतः दारातून आत गेलेल्यांचा असतो, कारण लिहायला लागणारा वेळ आणि सराव आतच मिळत होता.

म्हणून अकादमीला माझी एक विनंती आहे. सीमाभागातल्या, कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतच्या मराठी शाळांत आश्रमात, हुजूरपागेत, ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या बायका मास्तरीण म्हणून आल्या होत्या. त्यांची पत्रे, खर्चाच्या वह्या, पाठ-टाचणे काही घरांत ट्रंकेत पडून असतील. ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांचेही दोन कागद असतील. निदान एखादा अर्ज. घर बदलताना, वाटण्या होताना हे पहिल्यांदा रद्दीत जाते. अकादमीने पुढच्या वर्षी त्यांचा शोध घ्यावा. माझ्या वर्गातल्या आठ मुलींनी नावे दिली आहेत, मोडी वाचायला त्या शिकत आहेत. त्यांना फक्त गावोगाव जाण्याचे बसभाडे आणि एक कॅमेरा हवा आहे.